अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलाच्या मालमत्तेचा पालक नेमताना कोर्ट बंधपत्र का मागतं?

सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. मामा’ (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मुलाच्या वतीने पाहणारा) लागलं की मामाला जमीन विकता येते, असं अनेकजण धरून चालतात. तसं नाही. आईवडील दोघंही हयात नसतील, तर मामाला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टाकडून नेमणूक करून घ्यावी लागते. बंधपत्राचा विषय तिथेच निघतो.

अर्ज मूल राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात. मालमत्तेपुरता असेल तर मालमत्ता जिथे आहे तिथेही चालतो. मुलाचा जन्मदाखला, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, ठेवींचे तपशील हे सगळे आणतात. राहून जातं ते पालक व्हायला तयार असल्याचं संमतिपत्र. त्यावर स्वतःची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात.

बंधपत्र म्हणजे कोर्टात पैसे भरणं नव्हे. ‘मुलाच्या मालमत्तेतून माझ्या हाती जे येईल त्याचा चोख हिशेब देईन’ असं न्यायाधीशांना लिहून द्यायचं असतं (कलम ३४). ते प्रत्येकाकडून घेतलंच जातं असं नाही. कोर्टाने मागितलं तर द्यायचं. जामीनदार मागितला, तर त्याची ऐपत दाखवणारे कागद तयार ठेवा. आणि भिडेखातर कुणाची सही घेऊ नका. हिशेबात खोट निघाली तर कोर्ट ते बंधपत्र दुसऱ्या योग्य व्यक्तीच्या नावे करून देऊ शकतं आणि ती व्यक्ती त्यावर दावा लावू शकते. तेव्हा जामीनदारही अडकतो.

खरं काम नेमणुकीनंतरचं. कोर्टाने सांगितलं असेल तर सहा महिन्यांत स्थावर-जंगम, रोख, येणं-देणं यांची यादी द्यायची. म्हणून पहिल्या दिवसापासून वेगळी वही घाला: शाळेची फी, वह्या-पुस्तकं, डॉक्टर, जमीन कसायला दिल्याबद्दल खंडाचे आलेले पैसे, पावत्या तिथेच टाचून. यादी किंवा हिशेब चुकवल्यास दंड शंभर रुपयांपर्यंत, हट्टाने टाळत राहिल्यास पुढे दिवसाला दहा. आकडे १८९० चेच वाटतात, पण दंडाच्या त्याच कलमात दिवाणी तुरुंगही आहे.

जमीन विकणं, गहाण टाकणं किंवा पाच वर्षांहून जास्त भाड्याने देणं, यासाठी आधी कोर्टाची परवानगी हवी.

मूल अठराचं झालं की मालमत्ता आणि हिशेबाच्या वह्या त्याच्या ताब्यात द्यायच्या आणि कोर्टाकडून जबाबदारीतून मुक्त झाल्याचा आदेश मागून घ्यायचा. पुढे लबाडी उघडकीस आली, तर मात्र तो आदेश वाचवत नाही.