ओरिजिनल प्रेस की रीमास्टर? जुनं प्रॉग रॉक घेताना नेमकं काय बघायचं

जुन्या प्रॉग रॉकचं (प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक आणि गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) वेड असलेला माणूस रेकॉर्ड घ्यायला गेला की एका प्रश्नापाशी अडकतोच, सत्तरच्या दशकातली ओरिजिनल प्रेस, म्हणजे तेव्हाच साच्यातून दाबून काढलेली प्रत, घ्यायची की आत्ता निघालेली १८० ग्रॅमची रीमास्टर्ड. लोक लगेच बाजू घेतात, जुनं ते सोनंवाले एकीकडे आणि नव्या टेक्नॉलॉजीवाले दुसरीकडे, पण माझ्या मते हे दोन्ही शब्द अर्धीच माहिती देतात. ओरिजिनल म्हटलं की ती कधी दाबली एवढं कळतं, रीमास्टर म्हटलं की त्यावर कुणीतरी परत हात फिरवलाय एवढं कळतं. आवाज कसा निघणार हे ठरतं रेकॉर्ड कुठल्या टेपवरून कापली (म्हणजे तिच्या खाचा कोरल्या) आणि कापणाऱ्याने काय केलं यावर, आणि ते अल्बमगणिक बदलतं. (१८० ग्रॅमचं म्हणाल तर जाड रेकॉर्ड हातात भारी वाटते, बाकी आवाजाची गॅरंटी वगैरे काही नाही.)

त्याआधी एक घोळ निस्तरू, कारण दुकानदारसुद्धा सर्रास रीमास्टर म्हणून रीमिक्स विकतात. स्टुडिओत आधी ड्रम, बास, गिटार, मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड), आवाज हे सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतात, मग ते ट्रॅक एकमेकांत बसवून दोन ट्रॅकची स्टिरिओ मास्टर टेप बनवतात, ते झालं मिक्स. रीमास्टर करणारा या दोन ट्रॅकच्या टेपपासून सुरू करतो, त्यामुळे तो एकूण बास वाढवेल, तीक्ष्णपणा कमी करेल, लेव्हल चढवेल, पण बासरी एकटी उचलून पुढे आणणं त्याच्या हातात नसतं. रीमिक्सवाला मागे त्या वेगवेगळ्या ट्रॅकच्या टेपपर्यंत, म्हणजे मल्टिट्रॅकपर्यंत जातो आणि सगळं नव्याने बसवतो. म्हणजे रीमिक्स ऐकताना तुम्ही १९७१ मधल्या लोकांचे निर्णय ऐकतच नसता, आजच्या माणसाचे ऐकता. पिंक फ्लॉइडच्या १९७७ च्या ‘अॅनिमल्स’चं नवीन एडिशन हे असंच रीमिक्स आहे, त्यांचा साउंड इंजिनिअर जेम्स गथ्रीने केलेलं, २०१८ मध्ये तयार झालं आणि स्लीव्हवरच्या मजकुराच्या भांडणात अडकून २०२२ ला बाहेर आलं. ते ऐकून ‘रीमास्टर किती वेगळं वाटतंय’ म्हणणारे भरपूर भेटतात, अहो वेगळं वाटणारच ना.

आता किंग क्रिम्झनचा पहिला अल्बम घ्या, ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग’, ऑक्टोबर १९६९. या वादात मला सगळ्यात जास्त शिकवणारा अल्बम हाच. त्याची मूळ स्टिरिओ मास्टर टेप कित्येक वर्षं सापडतच नव्हती, त्यामुळे सीडीच्या जमान्यातली सुरुवातीची एडिशन्स कॉपी टेपवरून आली, आणि अॅनालॉग टेपची कॉपी काढली की दर कॉपीला थोडी खरखर वाढते, थोडी धार जाते. म्हणजे ‘रीमास्टर्ड’ असं छापलेल्या सीडीपेक्षा आयलंड कंपनीच्या गुलाबी लेबलवाली १९६९ ची एलपी मूळ आवाजाच्या जास्त जवळ होती. मग मूळ टेप सापडली आणि तिच्यावरून २००४ चं एडिशन निघालं, तेव्हा कुठे रीमास्टर खऱ्या अर्थाने शर्यतीत आलं. २००९ ला संगीतकार स्टीव्हन विल्सनने रीमिक्स केलं ते आणखी निराळं प्रकरण. मूळ रेकॉर्डिंग आठ ट्रॅकवर होतं, जागा संपली की आधीचे ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि पुढचं वाजवायचं, असं करत गेल्यामुळे ड्रम वगैरे एक पिढी मागे पडले होते, म्हणजे मूळ न राहता कॉपी झाले होते. विल्सनने त्या आधीच्या टेपा कॉम्प्युटरवर एकमेकांशी जुळवून घेतल्या, त्यामुळे माइकल जाइल्सचे ड्रम त्यात असे मोकळे ऐकू येतात की पहिल्यांदा ऐकताना आपण दचकतो. पण त्याच मिक्समध्ये ‘मूनचाइल्ड’मधला मोकळ्या वादनाचा भाग छाटून गाणं तीनेक मिनिटांनी लहान केलंय, आणि ज्याला तो भाग प्रिय आहे त्याच्यासाठी ते कितीही स्वच्छ असलं तरी अपुरंच. आणि ‘ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’मधला तो फाटका आवाज मुद्दाम फाटका केलेला आहे, तो कुठल्याच एडिशनमध्ये ‘सुधारायचा’ नसतो, हे प्लीज सांगा त्या तक्रार करणाऱ्यांना.

जेथ्रो टलच्या ‘अॅक्वालंग’चं उलटं. १९७१ चा अल्बम, लंडनमध्ये बेसिंग स्ट्रीटवर एका जुन्या चर्चमध्ये आयलंडने नुकताच थाटलेल्या स्टुडिओत झालेला, तेव्हा त्याच इमारतीत लेड झेपेलिनचंही काम चालू होतं. स्टुडिओ नवा, अडचणी बऱ्याच, आणि त्या मिक्समध्येच उतरल्या, आवाज कोंदट आणि चपटा. आता मिक्समध्येच दोष असेल तर पहिली प्रेस कितीही चकाचक मिळू दे, ती तो दोष इमानदारीने वाजवून दाखवणार, आणि रीमास्टर करणारा त्यावर बास-ट्रेबलची मलमपट्टी करणार. इथे २०११ चं विल्सनचं रीमिक्सच घ्यावं, ओरिजिनल कव्हरसाठी घ्या हवी तर.

प्रॉगमध्ये आणखी एक अडचण आहे जी साध्या रॉकमध्ये एवढी जाणवत नाही, ती म्हणजे गाण्यांची लांबी. एलपीच्या एका बाजूला साधारण अठरा-वीस मिनिटं आरामात बसतात, त्यापुढे गेलं की खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, मग लेव्हल खाली घ्यावी लागते, बास आवरावा लागतो आणि पृष्ठभागाची कुरकुर वर येते. जेनेसिसच्या १९७२ च्या ‘फॉक्सट्रॉट’ची दुसरी बाजू जवळपास साडेचोवीस मिनिटांची आहे, त्यात ‘सपर्स रेडी’ तेवीसेक मिनिटांचं आणि त्याचा कळस नेमका लेबलजवळच्या आतल्या खाचांत, जिथे सुईला सगळ्यात जास्त त्रास होतो. पुढच्या वर्षीच्या ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’मध्ये तर एकाच एलपीवर त्रेपन्न मिनिटांच्या वर संगीत कोंबलंय. म्हणजे इथे ओरिजिनलला मुळातच मर्यादा आहे आणि कागदावर नवीन डिजिटल एडिशन जिंकायला हवं. पण २००८ ला निक डेव्हिसच्या रीमिक्ससकट जे निघालं त्यात आवाज इतका दाबून वर चढवलाय की हळू भाग आणि मोठा भाग यातलं अंतरच कमी झालं, आणि प्रॉगमधून ते अंतर काढलं तर उरतं काय? मला अजूनही कॅरिस्मा लेबलची जुनी प्रेसच आवडते, शेवटच्या पाच मिनिटांच्या खरखरीसकट.

पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’बद्दल फार बोलत नाही. मार्च १९७३ ची निळ्या भरीव त्रिकोणाच्या लेबलवाली इंग्लंडची पहिली प्रेस सुंदर आहे आणि भाव वेडेवाकडे आहेत. आपल्याकडे जुन्या बाजारात दमदमच्या एचएमव्ही कारखान्यातली भारतीय प्रेस कधीकधी मिळते, ती घेताना कव्हर न बघता लेबलभोवतीच्या कोऱ्या कड्यात कोरलेले नंबर बघा, ते इंग्लंडच्या नंबराशी जुळले तर कट, म्हणजे कोरलेल्या खाचा, तोच आहे, भले व्हिनाइल थोडं आवाज करणारं असो. हे नंबर बघणं एकूणच महत्त्वाचं, कारण एकच लेबल वर्षानुवर्षं चालायचं, आणि विक्रेता ‘फर्स्ट प्रेस’ म्हणतो ती बऱ्याचदा चार वर्षांनी झिजलेल्या साच्यावरून दाबलेली असते.

इंटरनेटवर डायनॅमिक रेंजचे (हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतराचे) आकडे टाकून ‘बघा एलपी १२ आणि सीडी ८’ असं सिद्ध करणाऱ्यांकडे मात्र जरा सावधपणे बघा, कारण तीच दाबलेली डिजिटल फाइल एलपीवर कापून परत मोजली तरी आकडा वाढून येतो, तो सुई-खाचेच्या खेळाचा परिणाम आहे, त्यातून दाबलेला आवाज परत मोकळा होत नाही. आणि नवी एलपी ‘मूळ टेपवरून’ असं लिहिलेली असली तरी मध्ये डिजिटल पायरी असू शकते, २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या महागड्या रेकॉर्ड्सबद्दल हेच बाहेर आलं आणि लोक कोर्टापर्यंत गेले. गंमत म्हणजे तोपर्यंत त्याच रेकॉर्ड्सना शुद्ध अॅनालॉग म्हणून डोक्यावर घेणारे कमी नव्हते.

घरी तुलना करायची असेल तर दोन्हींची लेव्हल आधी सारखी करा, कारण किंचित मोठं वाजणारं कानाला चांगलंच वाटतं आणि बहुतेक रीमास्टर पहिल्या तीस सेकंदांत तेवढ्यावरच जिंकतात. दोन्ही बाजू पूर्ण ऐका, मधले शांत भाग खास ऐका, आणि जुनी रेकॉर्ड लावायच्या आधी धुवून घ्या, अर्धी खरखर नुसती धूळ असते.