चाल ओळखता येणे आणि चाल आठवणे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत गणेशोत्सवात आरतीला वीस-पंचवीस माणसे जमतात आणि पहिले दोन शब्द कानी पडताच सगळी एकसुरात गाऊ लागतात. मात्र नेहमी आरती सुरू करून देणारे आजोबा एखाद्या संध्याकाळी नसले, की वर्षानुवर्षे तीच आरती म्हणत आलेली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. चाल सर्वांना येत असते, पण ती कुणीतरी उचलून दिल्यावर.

चाल ओळखता येणे आणि चाल आठवणे या दोन निरनिराळ्या क्षमता आहेत. ओळखताना बाहेरून आलेला सूर मनातील ठशाशी जुळतो की नाही, एवढेच ठरवायचे असते आणि त्याला अर्धवट ठसाही पुरतो. आठवताना मात्र पुढचा स्वर कोणता, तिथे मींडेने, म्हणजे सलग घसरत, जायचे की थेट, किती मात्रा थांबायचे आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे गाठायची, हे सारे मनाला स्वतःच पुरवावे लागते. पहिली क्षमता लवकर येते, म्हणून दुसरीही आली असा समज होतो.

माझा स्वतःचा समज असाच होता. यमन रागातील एका बंदिशीचे ध्वनिमुद्रण मी दोन आठवडे रोज ऐकत होतो आणि त्यातली प्रत्येक जागा येण्यापूर्वीच मला जाणवत असे. पण तानपुऱ्यावर एकट्याने गायला बसलो तेव्हा स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, कशीबशी निभावली आणि अंतरा, म्हणजे दुसरा भाग, भलत्याच बंदिशीचा निघाला. यमनातील अनेक अंतरे पंचमाच्या (प) आसपासून उठून तार षड्जाकडे (वरच्या सा कडे) जातात. ऐकताना त्यांतील भेद मला सहज कळत होता, कारण तो भेद गायक दाखवत होता.

ग्वाल्हेर घराण्याविषयी एक हकीकत नेहमी सांगितली जाते: या घराण्याचे गायक बंधू हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांनी दुसरे गायक बडे मोहम्मद खाँ यांची गायकी आडून ऐकून आत्मसात केली. ती खरी मानायची तर ऐकणे हा त्यातील निम्माच भाग असणार. ऐकलेली तान मुद्रण हाताशी नसताना गळ्यातून काढणे, हाच उरलेला आणि माझ्या मते मोठा भाग. समोरासमोरच्या तालमीतही हेच घडते. गुरू एक ओळ गाऊन थांबतात आणि त्या थांबण्यात शिष्याला ती स्वतः उभी करावी लागते. याच शहरात १९१८ साली संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. त्यांच्या स्वरलिपीचे उपकार मोठे आहेत, परंतु वही समोर उघडी ठेवून गाणे हेही पुन्हा ओळखण्याच्याच बाजूला पडते.

म्हणून आठवण वाढवायची असेल तर ऐकण्याचे आवर्तन वाढवण्याऐवजी मध्ये शांतता घालावी. मुखड्याएवढा, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीएवढा, तुकडा एकदा ऐकावा, मुद्रण बंद करावे, काही क्षण थांबून तो मनात गावा, मग मोठ्याने गावा आणि त्यानंतरच मूळ ऐकून पडताळावा. चूक झाली तरी हा प्रयत्न वाया जात नाही, कारण ठसा कुठे पुसट आहे ते तिथेच कळते. मुखडा पक्का झाल्यावर पुढचा तुकडा त्याला जोडावा.

तुकडा धरताना नुसती स्वरांची यादी धरून भागत नाही. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार (ग) आणि देशकाराचा धैवत (ध), एकाचा विस्तार पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, तर दुसऱ्याचा उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात. सूर कुठे विसावतो हे ज्याने लक्षात ठेवले नाही, त्याने देशकारातली ओळ आठवायला घेतली तरी ती नकळत भूपाकडे वळते. चालीचा चढ-उतार आधी धरावा, मग विसाव्याच्या जागा, आणि मधले स्वर त्यानंतर.

शब्दांवरही फार विसंबू नये, कारण पुष्कळदा आपल्याला कविता आठवत असते आणि चाल तिच्या मागून येते. तीच ओळ आकारात, म्हणजे शब्दांऐवजी नुसत्या 'आ'वर, गाऊन पाहिली की हे उघड होते.

खरी पडताळणी दुसऱ्या दिवशी सकाळी, काहीही ऐकण्यापूर्वी करावी. काल पेटीच्या काळी एकच्या पट्टीत गायलेली ओळ आज पांढरी चारच्या पट्टीत, म्हणजे वेगळ्या षड्जावर (सा), सुरू करावी. चाल स्वरांमधील अंतरांनी बनलेली असते, त्यामुळे षड्ज बदलला तरी ती तीच राहते. नव्या षड्जावर ती अडखळली, तर ज्या जागी अडखळली तेवढाच तुकडा पुन्हा ऐकायला घ्यावा.