वेबर, मॅक्स (चित्रकार)

(१८ एप्रिल १८८१–४ ऑक्टोबर १९६१). अमेरिकेतील आद्य आधुनिकतावादी चित्रकारांपैकी एक. याच नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाशी त्याचा संबंध नाही. जन्म ब्यावीस्तोक येथे (तेव्हा रशियन साम्राज्यात, आता पोलंडमध्ये) एका सनातनी ज्यू कुटुंबात. वडील शिंपी. ते आधी अमेरिकेस गेले. मागाहून, १८९१ मध्ये, दहा वर्षांचा मॅक्स आईबरोबर न्यूयॉर्कला पोहोचला आणि कुटुंब ब्रुकलिनमध्ये स्थिरावले.

ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये (१८९८–१९००) त्याला आर्थर वेस्ली डाऊ हे शिक्षक लाभले. निसर्गाची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा रेषा, रंग आणि छायाप्रकाशाची मांडणी महत्त्वाची, ही डाऊ यांची शिकवण जपानी मुद्राचित्रांच्या अभ्यासातून आली होती. पॅरिस पाहण्याआधीच वेबरची दृष्टी तयार होऊ लागली ती इथे. पुढे व्हर्जिनिया आणि मिनेसोटा राज्यांत शिक्षकी करून त्याने पैसे साठवले आणि १९०५ मध्ये पॅरिस गाठले.

त्याच शरद ऋतूत तेथे फॉव्ह (रंगांचा मुक्त, निसर्गाशी न जुळणारा वापर करणाऱ्या) चित्रकारांच्या भडक रंगांनी खळबळ उडवली होती. झां-पोल लोरां यांच्या हाताखाली अकादमी ज्युलियाँमध्ये त्याने पारंपरिक शिक्षण घेतले. पण त्याच्यावर खरा ठसा उमटला तो फ्रेंच चित्रकार सेझानच्या चित्रांचा. १९०८ मध्ये फॉव्ह चित्रकारांचा अग्रणी मातीस याचा वर्ग सुरू करण्यात त्याचा पुढाकार होता. बेफाम रंगांसाठी बदनाम असलेला हा गुरू वर्गात मात्र प्राचीन शिल्पांवरून आणि मॉडेलवरून काटेकोर रेखाटन करून घेई. जकात खात्यातील निवृत्त कर्मचारी व स्वयंशिक्षित चित्रकार आंरी रूसो याच्याशी वेबरचा स्नेह जडला. डिसेंबर १९०८ मध्ये वेबरच्या निरोपासाठी रूसोने आपल्या चित्रशाळेत मैफल भरवली होती.

न्यूयॉर्कला परतल्यावर हातात पैसा नव्हता. काही काळ तो छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्स यांच्या ‘२९१’ या कलादालनातच राहत असे. १९१० मध्ये तेथे रूसोचे अमेरिकेतील पहिले प्रदर्शन झाले, ते वेबरने आणलेल्या चित्रांमुळे. १९११ मधील त्याच्या स्वतःच्या प्रदर्शनावर समीक्षक तुटून पडले. स्टिगलिट्सशीही त्याचे बिनसले. वेबरचा स्वभाव तापट आणि मानी होता. १९१३ च्या गाजलेल्या आर्मरी शो या न्यूयॉर्कमधील आधुनिक कलेच्या प्रदर्शनासाठी त्याची दोनच चित्रे घेण्याचे ठरले, तेव्हा त्याने सहभागच नाकारला. रूसोची चित्रे मात्र प्रदर्शनाला उसनी दिली.

‘चायनीज रेस्टॉरंट’ आणि ‘रश अवर, न्यूयॉर्क’ (दोन्ही १९१५) ही त्याची सर्वोत्तम घनवादी (वस्तूंचे भौमितिक तुकडे करून मांडणाऱ्या शैलीतील) चित्रे. पहिल्यात फरशांचे चौकडे, नक्षी आणि माणसांचे तुकडे एकात एक मिसळतात. त्यानंतर तो मानवाकृतींकडे आणि ज्यू धार्मिक जीवनाकडे वळला. उत्तरकालीन चित्रांत घनवादी चित्रांची धार कमीच आढळते. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले.

१९२० च्या दशकात आर्ट स्टुडंट्स लीग या न्यूयॉर्कच्या कलाशाळेत त्याने शिकवले. तेथील त्याचा विद्यार्थी, पुढे अमूर्त चित्रकार म्हणून प्रसिद्ध झालेला मार्क रॉथको हाही रशियन साम्राज्यातून दहाव्या वर्षी अमेरिकेला आलेला ज्यू मुलगा होता.