मोपा ते लंडन: अंतर किती, वेळ किती?

गोव्यातल्या कितीतरी घरांची माणसं इंग्लंडमध्ये स्विंडन, साउथहॉलला असतात, त्यामुळे लंडनला पोचायला किती तास लागतात हा प्रश्न इथे नेहमीचाच. इंटरनेटवर उत्तर चटकन मिळतं: ७,५४० किलोमीटर, साडेआठ तास. अंतर बरोबर आहे, पण विमान नेमकं त्या वाटेने जात नाही. आणि वेळ म्हणजे अंतराला वेगाने दिलेला नुसता भागाकार.

गोव्याचं मोपा विमानतळ ते लंडनचं गॅटविक विमानतळ, पृथ्वीच्या गोलाईवरून सर्वांत जवळची वाट ७,५४० किलोमीटरची. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात पट्टीने रेघ ओढून त्या दिशेने गेलात, तर ७,७४० भरतात. जवळची वाट नकाशावर उत्तरेकडे फुगलेली दिसते. मोपाहून निघताना तिचा रोख वायव्येला असतो आणि लंडनला पोचताना जवळजवळ थेट पश्चिमेला, तेही कुठेही न वळता! उत्तरेकडे रेखावृत्तं एकमेकांजवळ येत जातात, म्हणून दिशेचा कोन आपोआप बदलतो.

ही वाट पाकिस्तानचा मकरान किनारा, इराण, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांना बंद झालं, पाकिस्तानचं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना. मग वळसा आलाच. दर १०० किलोमीटर वळशाला साधारण सात मिनिटं धरा.

आता वारा. मोठं विमान अकरा किलोमीटर उंचीवर ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडतं, पण हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत. त्या उंचीवर वारे बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर जाताना ९ तास २५ मिनिटं. येताना तोच पाठीशी, म्हणून ७ तास ३२ मिनिटं. वारा नसता तर दोन्ही वेळा ८ तास २३ मिनिटं. बेरीज करून पाहा: वाऱ्यामुळे जाऊन-येऊन सुमारे बारा मिनिटं जास्तच लागतात, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. चढणं, उतरणं आणि धावपट्टीपर्यंत जाणं यांचा अर्धा तास वेगळा. पृथ्वी फिरते म्हणून पश्चिमेला लवकर पोचतो, हा समज मात्र चुकीचा. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार. दुपारी १ ला निघून जानेवारीत संध्याकाळी ५:३० ला पोचलात, तर घड्याळातले साडेचार तास अधिक फरकाचे साडेपाच, म्हणजे प्रवास दहा तासांचा. परतताना हाच फरक वजा करायचा.

दोहाला विमान बदललं तरी अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपासच वाढतं. वेळ खातो तो तिथला थांबा, म्हणून तिकीट काढताना आधी तो पाहावा.