पडेझडे, माल वाढे

नुकतंच चालायला लागलेलं मूल तासाभरात किती वेळा पडत असेल? न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चक्क मोजलं. १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना खेळायला मोकळं सोडून त्यांचं चित्रीकरण केलं आणि पाऊल न् पाऊल मोजलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे : तासाला सरासरी २,३६८ पावलं, सुमारे ७०० मीटर अंतर आणि १७ वेळा पडणं. ‘पडेझडे माल वाढे’ म्हणत आपल्याकडच्या आज्या पडलेल्या नातवंडाला उचलतात, तो माल नेमका कसा वाढतो याचा हा हिशेब आहे.

त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रांगण्यात तरबेज झालेलं मूल ते सोडून डगमगत चालायला का लागतं? हातचं कौशल्य टाकून पुन्हा ओ की ठो येत नसलेल्या कामाला लागायचं, म्हणजे मोठ्या माणसाला नकोसंच. पण मोजणीत असं दिसलं, की नवखं चालणारं मूल मुरलेल्या रांगणाऱ्यापेक्षा जास्त अंतर कापतं आणि कापलेल्या अंतराच्या हिशेबाने पडण्याचं प्रमाण मात्र दोघांचं जवळपास सारखंच असतं. मूल रांगतानाही पडतच असतं. मग पडायचंच आहे तर चालून का नाही?

बरं, एवढं चालून ते जातं कुठे? आपल्याला वाटतं, समोरच्या चेंडूकडे किंवा आईकडे. अडॉल्फ यांच्याच प्रयोगशाळेत १५ महिन्यांच्या काही मुलांना खेळण्यांनी भरलेल्या खोलीत ठेवलं, काहींना खेळणी नसलेल्या खोलीत. दोन्हीकडची मुलं तेवढीच चालली. खेळण्यांच्या खोलीतली मुलं आईपासून अधिक लांब गेली, नवे कोपरे धुंडाळत राहिली, हा फरक पडला. पण चालायला त्यांना कारण लागलं नाही, मोकळी जागा पुरली.

या शिकण्याला मर्यादाही आहेत. अडॉल्फ यांनी कमी-जास्त करता येणारा एक उतार तयार केला. महिनोन्महिने रांगलेली मुलं त्याच्या कडेशी थांबत, हाताने चाचपत आणि उतार फार तीव्र असला तर पुढे जात नसत. तीच मुलं चालायला लागली की त्याच उतारावर बेधडक पाऊल टाकत. बाजूने चालणारा संशोधक झेलायला तयार असे म्हणून बरं. ‘उतार धोक्याचा’ असा नियम त्यांनी पाठ केलेलाच नव्हता. या क्षणी, या शरीराला काय झेपेल हे अजमावायला ती शिकली होती. शरीराचा तोल बदलला, तशी ती अजमावणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. कौशल्य म्हणजे उत्तरांचा साठा, ही आपली समजूत इथे पार कोलमडते.

उत्तर आधी हातात दिलं तर काय होतं, हे एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या प्रयोगात दिसतं. नळ्या जोडून केलेलं एक खेळणं होतं. त्याची एक नळी ओढली की चूं आवाज यायचा. शिवाय त्यात लपलेला दिवा होता, सूर काढणारा भाग होता आणि आत आरसा होता. बालवाडीच्या वयाच्या काही मुलांना संशोधिकेने ‘हे कसं चालतं ते दाखवते हं’ असं सांगून आवाज काढून दाखवला. इतर काहींसमोर तोच आवाज तिच्या हातून चुकून निघाल्यासारखा निघाला. शिकवलेली मुलं तेवढाच आवाज पुन्हा पुन्हा काढत राहिली, खेळणं लवकर बाजूला ठेवलं आणि बाकीच्या गमती त्यांना कमी सापडल्या. त्यांचा तर्क चुकीचा नाही. बाईंनी एवढंच दाखवलं, म्हणजे यात एवढंच असणार! शिकवू नये असा याचा अर्थ मी घेत नाही. शिकवण्याने वेळ वाचतो, पण शोधाची व्याप्तीही आटते.

आपण मोठी माणसं तर स्वतःच स्वतःला अशी आगाऊ शिकवण देऊन बसलेलो असतो. मानसशास्त्रज्ञ ॲलिसन गॉपनिक यांच्या गटाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक यंत्र होतं. ठरावीक ठोकळे ठेवले की ते चालू होई. दोन ठोकळे एकत्र असतील तरच यंत्र चालतं, असा पुरावा चार-पाच वर्षांच्या मुलांना आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दाखवला. नवे ठोकळे आल्यावर मुलांनी तो पुरावा सहज वापरला. विद्यार्थी मात्र ‘एकच ठोकळा कारण असणार’ या रोजच्या अनुभवाला चिकटून राहिले. अनुभवाने ते हुशार झाले होते आणि त्यामुळेच चुकले.

मेंदूही प्रश्न उघडा असताना वेगळा वागतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी, त्याच वर्षी, लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारून उत्तरापूर्वी थोडं ताटकळत ठेवलं आणि मध्येच एक अनोळखी चेहरा दाखवला. ज्या प्रश्नाचं कुतूहल जास्त, त्या वेळी दिसलेला चेहराही नंतर अधिक चांगला आठवला. त्या चेहऱ्याचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता! कुतूहल चाळवलं की डोपामिन या मेंदूतल्या रसायनाशी निगडित मेंदूभाग आणि स्मृतीसाठी महत्त्वाचा हिप्पोकॅम्पस यांची साथ जुळते, असं त्यांच्या नोंदी सांगतात.

‘आता या वयात कुठे?’ असं म्हणणाऱ्यांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या रेचेल वू यांचं काम वाचण्यासारखं आहे. ५८ ते ८६ वयाची माणसं तीन महिने, आठवड्याला साधारण १५ तास, किमान तीन नव्या गोष्टी एकाच वेळी शिकत होती. स्पॅनिश, चित्रकला, संगीतरचना, टॅब्लेट वापरणं अशा. दीड महिन्यातच त्यांचे आकलनचाचण्यांतले गुण तीस वर्षांनी लहान माणसांच्या बरोबरीला आले. गट लहान होता आणि सगळे उत्साहाने आलेले होते, हे लक्षात घ्यायला हवं. तरीही मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते : लहान मुलासारखं एकाच वेळी अनेक विषयांत कच्चं असण्याची सवड या माणसांना मिळाली. साठीत पेटी शिकायला आलेल्या गृहस्थांना पहिल्याच तासाला ‘सा’वर अंगठा ठेवायला सांगण्याऐवजी भाता हलवून, पट्ट्या दाबून, आवाज कुठून येतो ते खुशाल चाचपू द्यावं. सा रे ग म दुसऱ्या तासालाही शिकवता येतं.