हरताळाखालची अक्षरं

नारायण पेठेतल्या एका मित्राचा वाडा रीडेव्हलपमेंटला गेला. सामान हलवताना माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक सापडली आणि ट्रंकेत लाल कापडात बांधलेला रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं. आत मोडीतले तीसेक कागद, एक अर्धवट पोथी आणि वेखंडाचे सुकलेले तुकडे. मित्राने मला बोलावलं, पण तोवर त्याने दोन कामं उरकली होती. सगळ्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढले होते आणि त्यातल्या त्यात महत्त्वाचे वाटलेले चार कागद कोपऱ्यावरच्या एका दुकानातून लॅमिनेट करून आणले होते. "आता काळजी मिटली, सगळं डिजिटल झालं," असं तो अगदी समाधानाने म्हणाला. ते चार कागद हातात घेतल्यावर मला रडू यायचंच बाकी होतं.

लॅमिनेशनमध्ये कागद शंभर अंशांपेक्षा जास्त तापलेल्या रुळांमधून जातो. प्लास्टिकच्या आतला गोंद वितळून कागदाच्या तंतूंमध्ये शिरतो आणि तो पुन्हा काढता येत नाही. कागदातली ओल आणि आम्ल आतच कोंडून राहतं. जुने कागद जपणाऱ्यांचा पहिला नियमच असा की, उद्या सोडवता येणार नाही असं काहीही आज कागदाला चिकटवायचं नाही. पण मित्राचा मोठा गैरसमज दुसराच होता, आणि तो भल्याभल्या शिकलेल्या माणसांत दिसतो. एकदा फोटो निघाला की कागदावर होतं नव्हतं ते सगळं उचललं गेलं, असं त्यांना वाटतं.

मोबाइलचा कॅमेरा मुद्दाम आपल्या डोळ्यांसारखा बनवलेला असतो. आपल्याला साधारण 400 ते 700 नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या चकतीला मात्र त्यापुढचं, जवळजवळ 1100 नॅनोमीटरपर्यंतचं अवरक्त (इन्फ्रारेड) दिसू शकतं. फोटोचे रंग बिघडू नयेत म्हणून त्याच्यापुढे एक गाळणी बसवलेली असते. घरावर नजर ठेवायला लावतात त्या कॅमेऱ्यात ही गाळणी सरकती असते. अंधार झाला की आतून 'टिक' असा बारीक आवाज येतो, गाळणी बाजूला होते, अवरक्त दिवे लागतात आणि चित्र काळंपांढरं होतं.

हा प्रयोग घरी करण्यासारखा आहे. कोऱ्या कागदावर पेन्सिलीने ठळक, मोठ्या अक्षरांत आपलं नाव लिहा. त्यावर चहा सांडा. वाळल्यावर निळ्या बॉलपेनने त्या नावावर गिरगटा. आता दिवे मालवून तो कागद रात्रीच्या कॅमेऱ्यापुढे धरा. चहाचा डाग गायब होतो, बॉलपेनचा गिरगटाही बहुतेक वेळा गायब होतो, आणि पेन्सिलीचं नाव तेवढं काळं कुळकुळीत उभं राहतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवलं होतं.

असं का होतं, हे नीट समजून घेऊ. जुना कागद तपकिरी होतो, कारण त्यातला सेल्युलोज आणि त्याच्याबरोबरचे पदार्थ हवेने, आम्लाने तुटतात आणि त्यांतून लहान लहान रंगीत रेणू तयार होतात. अशा रेणूतला इलेक्ट्रॉन प्रकाश शोषतो तेव्हा तो ऊर्जेच्या एका पायरीवरून वरच्या पायरीवर जातो. पायरी उंच आहे. जांभळ्या-निळ्या प्रकाशाच्या एका कणात तेवढी ऊर्जा असते, म्हणून तो शोषला जातो आणि उरलेला पिवळा-तांबूस प्रकाश आपल्याला दिसतो. 850 नॅनोमीटरच्या अवरक्त कणात मात्र जांभळ्याच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा असते. तेवढ्यात पायरी चढता येत नाही, आणि अर्ध्या पायरीवर उभंही राहता येत नाही. त्यामुळे त्या रेणूला अवरक्त प्रकाश जणू लागतच नाही. डाग अवरक्तात पारदर्शक होतो.

काजळीचं तसं नाही. काजळी म्हणजे बहुतांशी कार्बन, आणि तोही षटकोनांची जाळी विणलेल्या, चुरगळलेल्या पत्र्यांच्या रूपात. या पत्र्यांमधले काही इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे नसतात, ते जाळीभर पसरलेले असतात. जाळी जितकी मोठी तितक्या ऊर्जेच्या पायऱ्या बुटक्या आणि जवळजवळ, इतक्या की शेवटी पायऱ्यांचा उतारच होतो. उतारावर कुठेही उभं राहता येतं. म्हणून काजळी जांभळा, तांबडा, अवरक्त असा येईल तो प्रकाश गिळते. पेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे त्याच षटकोनी जाळ्यांचे एकावर एक रचलेले थर. आणि आपल्या पोथ्या, आपले मोडी कागद बोरूने लिहिले गेले ते मुख्यतः काजळ आणि डिंक खलून केलेल्या शाईने. दिव्यावर धरलेली काजळी आमच्या पूर्वजांनी स्वस्त आणि सोपी म्हणून निवडली असेल, पण अवरक्त कॅमेऱ्यासाठी याहून चांगली शाई सापडणं कठीण.

आता हरताळाकडे येतो, कारण मला या सगळ्यात सर्वांत लोभस वाटतो तो हाच भाग. पोथी लिहिणारा चुकला की पिवळा हरताळ खलून चुकलेल्या अक्षरांवर त्याचा लेप द्यायचा आणि वाळल्यावर त्यावर नव्याने लिहायचा. 'नियमांना हरताळ फासला' असं आपण म्हणतो ते इथून आलं. (बंदचा हरताळ वेगळा.) हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग. विषारी असल्यामुळे कसर त्याच्यापासून लांब राहते, आणि पोथी हाताळल्यावर आपणही हात धुवावेत. हरताळ पिवळा दिसतो, कारण त्याच्याही पायरीची उंची साधारण 500 नॅनोमीटरच्या प्रकाशाएवढी आहे. त्याहून आखूड लहरी तो शोषतो, लांब लहरी शोषत नाही. मग अवरक्त प्रकाश त्यातून आरपार का जाऊ नये? एक अडचण आहे. लेपात बारीक कण असतात आणि प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो. पण लहर कणांच्या मानाने जितकी लांब तितकं हे विखुरणं कमी. म्हणून लेप पातळ असेल आणि लहर पुरेशी लांब असेल, तर अवरक्त प्रकाश हरताळ ओलांडून खालच्या काजळीपर्यंत पोहोचतो, आणि लिहिणाऱ्याने झाकलेलं अक्षर वर येतं. जुन्या तैलचित्रांच्या रंगाखालची कच्ची रेखाटनं पाहतात तीही याच तत्त्वावर.

झाकलेली चूक वाचून काय मिळतं, असं कोणी विचारेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि 1966 मध्ये पुरं केलं, ते देशभरच्या हस्तलिखितांतले पाठभेद ओळीओळीने ताडून पाहत. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे ठरवताना चुका फार उपयोगी पडतात. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक असेल तर त्यांची आई बहुधा एकच. पोथ्यांचं खरं धन हे आहे. पोथ्या स्कॅन झाल्या की त्यांतून विमानं आणि अणुबाँब बाहेर पडतील, अशी आशा फॉरवर्डमधून फिरते. वैमानिक शास्त्र म्हणून दाखवला जातो तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्येच दाखवून दिलं आहे.

युरोपातली गोष्ट उलटी. तिथली जुनी शाई मायफळ आणि हिराकस यांची, म्हणजे लोहाची. ती अवरक्तात फिकी होत नाहीशी होते. मग अतिनील प्रकाश वापरतात: चामड्याचं पान निळसर चमकतं आणि शाईच्या जागा काळ्या राहतात. आर्किमिडीजच्या ग्रंथाची दहाव्या शतकातली एक प्रत तेराव्या शतकात खरवडून तिच्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या. डॅनिश पंडित हायबर्ग यांनी 1906 मध्ये ती कॉन्स्टँटिनोपलमध्ये पाहिली आणि तिचे फोटो काढून घेतले. पुढे ती प्रत गहाळ झाली, तिला बुरशी लागली, कोणीतरी चार पानांवर जुनी भासणारी नकली चित्रं रंगवली. 1998 मध्ये ती लिलावात आली, तेव्हा काही पानं नाहीशीच झाली होती. ती आज फक्त हायबर्गच्या फोटोंत आहेत. पण हायबर्गला जे वाचता आलं नव्हतं, ते बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशाने आणि पुढे स्टॅनफर्डच्या क्ष-किरणांनी त्याच पानांतून निघालं. नकली चित्रांखालचं लोह क्ष-किरणांनी शोधून काढलं. फोटो नसते तर काही पानं गेली असती, आणि फोटो काढून मूळ प्रत टाकून दिली असती तर बाकीचं गेलं असतं.

काजळीलाही मर्यादा आहेत. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इटलीतल्या हर्क्युलेनियम इथल्या हस्तलिखितांच्या गुंडाळ्या जळून कोळसा झाल्या. उलगडलेल्या तुकड्यांवर अवरक्ताने अक्षरं दिसतात, पण बंद गुंडाळीत क्ष-किरण सोडले तर कोळशावर काजळी, दोन्ही कार्बनच. 2023 मध्ये संगणकाला शाईच्या सुकलेल्या, भेगाळलेल्या पोताचे सूक्ष्म फरक ओळखायला शिकवून तिथे एक अख्खा शब्द वाचला गेला: 'पोर्फिरास', म्हणजे जांभळा. बातम्यांत श्रेय एकट्या एआयला मिळालं. आधी डोळे फुटेस्तोवर थर न्याहाळून शाईची खूण माणसानेच ओळखली होती. मोडीचंही तसंच होईल. पेशवे दफ्तरातले रुमाल हजारोंनी आहेत. यंत्राला मोडी शिकवायची तर आधी मोडी वाचणारी माणसं हवीत.

आणि डिजिटल प्रत स्वतःच नाजूक असते. ब्रिटिश लायब्ररीने 2004 पासून जगभरच्या धोक्यात आलेल्या दप्तरांचे फोटो काढण्याचा उपक्रम चालवला आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या ग्रंथालयावर सायबर हल्ला झाला आणि हस्तलिखितांची डिजिटल पानं कित्येक महिने वाचकांना उघडता येईनात. मूळ कागदांवरही संकटं येतातच. जर्मनीतल्या कोलोन शहराच्या अभिलेखागाराची इमारत 3 मार्च 2009 रोजी शेजारच्या मेट्रोच्या कामामुळे कोसळली, तेव्हा ढिगाऱ्यातले भिजलेले कागद गोठवून, निर्वातात सुकवून वाचवावे लागले. माली देशातल्या टिंबक्टूचे ग्रंथपाल अब्देल कादर हैदरा आणि त्यांचे साथी 2012-13 मध्ये लाखो हस्तलिखितं दहशतवाद्यांच्या हातून सोडवून राजधानी बामाकोला घेऊन गेले, तेही पत्र्याच्या ट्रंकांमधून, जीप आणि होड्यांनी.

मित्राच्या ट्रंकेतल्या पोथीत एका पानावर बोटभर लांबीचा पिवळा पट्टा होता. एका रात्री आम्ही त्याच्या घरचा कॅमेरा टेबलावर आडवा ठेवला, जवळचं दिसावं म्हणून त्याच्यापुढे त्याच्या आजोबांचं वाचायचं भिंग टेकवलं आणि दिवा मालवला. टिक झालं. पट्टा कागदात विरून गेला आणि त्याखाली चार अक्षरं उमटली, पुसट पण वाचता येण्याजोगी. त्याच ओळीतला आधीचा शब्द लिहिणाऱ्याकडून दोनदा लिहिला गेला होता. मित्र बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला. मग उठून त्याने ते चार लॅमिनेट केलेले कागद आणले आणि विचारलं, "यांचं आता काही होईल का रे?"