कंदिलाची दोरी, वारा आणि साइनचं सूत्र

पेठेतल्या जुन्या वाड्याच्या कमानीत टांगलेला आकाशकंदील दिवाळीच्या चित्रफितीत झुलवायचा आहे. दोन टोकांना दोन कीफ्रेम (ठरावीक क्षणाला नोंदलेली स्थिती) देऊन त्यांचा लूप (सलग पुनरावृत्ती) केला तरी तो हलतो. पण दोरी लांब केली, वारा वाढवला किंवा शेजारी आणखी दहा कंदील लावले, की सगळं नव्याने बसवावं लागतं. साइनच्या सूत्रात नुसता आकडा बदलून भागतं.

आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी कंदिलाचा अँकर पॉइंट (ज्याभोवती चित्र फिरतं तो बिंदू) दोरीच्या वरच्या टोकाला, म्हणजे हुकावर न्या. ‘पॅन बिहाइंड’ टूलने नेला तर चित्र जागचं हलत नाही. हे राहिलं, तर कंदील झुलण्याऐवजी स्वतःच्या मध्याभोवती डुलतो. मग ऑल्ट दाबून (मॅकवर ऑप्शन) रोटेशनच्या (फिरण्याच्या कोनाच्या) स्टॉपवॉचवर क्लिक करा आणि एक्स्प्रेशन, म्हणजे सूत्र, लिहा. त्याचा आशय असा:

मूळ किंमत + ८ × साइन(वेळ × ०.५ × २ × पाय)

इथे पाय म्हणजे π, सुमारे ३.१४. ८ हा अंशांतला आयाम, म्हणजे कंदील दोन्ही बाजूंना आठ-आठ अंश जाईल. ०.५ ही वारंवारिता, म्हणजे सेकंदाला अर्धा हेलकावा.

हा ०.५ अंदाजाने घालू नये, तो दोरीवरून काढता येतो. लंबकाच्या एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. हुकापासून कंदिलाच्या मध्यापर्यंत १ मीटर अंतर असेल तर २ सेकंद लागतात, ५० सेंटिमीटरला १.४ आणि २५ सेंटिमीटरला १ सेकंद. म्हणून वारंवारिता अनुक्रमे ०.५, ०.७ आणि १. पडद्यावर कंदील केवढाही दिसो, बघणाऱ्याच्या मनात त्याची दोरी खऱ्या मापाची असते. मीटरभर दोरीचा कंदील सेकंदाला दोनदा हलला, तर तो खेळण्यातला वाटतो.

नेहमीची चूक कोनाच्या मापाची. रोटेशन अंशांत असतं, पण साइनच्या कंसातला कोन रेडियनमध्ये लागतो (पूर्ण फेरी म्हणजे ३६० अंश किंवा २ × पाय रेडियन). ‘२ × पाय’ऐवजी ३६० लिहिलं, तर कंदील सेकंदाला २८.६ वेळा हलू लागतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रफितीत एवढा वेग मावतच नाही, आणि डोळ्यांना सेकंदाला सुमारे ३.६ हेलकाव्यांची भलतीच थरथर दिसते. मुद्दाम थरथर हवी असली, तरी २५ फ्रेमला वारंवारिता ३ च्या आत ठेवलेली बरी. नेमकी १२.५ दिली, तर प्रत्येक फ्रेमवर साइन शून्य येतो आणि कंदील जागच्या जागी थांबतो.

आता वारा वाढवू. बहुतेक जण वारंवारितेला स्लायडर (आकडा कमी-जास्त करायची सरकपट्टी) जोडून त्यावर कीफ्रेम देतात आणि इथेच गाडं अडतं. समजा, दहाव्या सेकंदाला स्लायडर ०.५ आहे आणि अकराव्याला १. सूत्र वेळेला वारंवारितेने गुणतं. म्हणजे दहाव्या सेकंदापर्यंत ५ हेलकावे झाले होते आणि अकराव्यापर्यंत ११ व्हायला हवेत. पाऊण हेलकाव्याच्या जागी एका सेकंदात सहा! कंदील वेड्यासारखा फडफडतो आणि मग शांत होतो. उपाय म्हणजे स्लायडरमध्ये वारंवारिता न ठेवता एकूण झालेले हेलकावे ठेवावेत, त्यांनाच कीफ्रेम द्यावेत आणि कंसात ‘हेलकावे × २ × पाय’ लिहावं.

पण कंदिलाला याची गरजच नाही. लहान कोनात लंबकाची वारंवारिता दोरीवर ठरते, वाऱ्यावर नाही. वाऱ्याने आयाम वाढतो, म्हणून स्लायडर आयामाला जोडा. वारा थांबला की झोका विरत न्यायचा असेल, तर आयामाला e (सुमारे २.७१८ हा गणिती स्थिरांक) च्या ‘−०.१ × वारा थांबल्यापासूनची सेकंदं’ या घाताने गुणावं. दर ७ सेकंदांनी झोका निम्मा होतो.

गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या पताकांच्या माळेत मात्र लाट पुढे सरकायला हवी. प्रत्येक पताका वेगळ्या लेयरवर (थरावर) असते, म्हणून साइनच्या कंसात ‘− लेयरचा क्रमांक × ०.४’ जोडतात. वारंवारिता ०.५ असताना पुढची पताका तीन फ्रेम मागे राहते. वजाचं अधिक केलं की लाट उलटी फिरते. मात्र वर एखादी नवी लेयर टाकली की सगळे क्रमांक सरकतात आणि माळेचा ताल हलतो. क्रमांकाऐवजी पताकेचं आडवं स्थान ६०० पिक्सेलने (एका लाटेच्या लांबीने) भागून ‘२ × पाय’ने गुणलेलं वजा करावं. मग पताका कुठेही हलवली तरी तिची लाट तिच्या जागेप्रमाणे येते.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रोटेशनच्या रकान्यात आधी हॅशची खूण (#) टाइप करून सूत्र लिहितात. तिथे वेळेच्या जागी फ्रेमचा क्रमांक मिळतो, म्हणून २५ ने भागायचं. रकान्यात अंश दिसले तरी सूत्राचं उत्तर रेडियनच धरलं जातं. ८ लिहिलं तर कंदील ४५८ अंश गरगरतो. तिथे ०.१४ हवं.

मंडळाच्या एलईडी पडद्यावर सलग चालणाऱ्या लूपसाठी वारंवारिता गुणिले सेकंद हा पूर्णांक यावा. ४ सेकंदांत ०.५ चे दोन आणि ०.७५ चे तीन हेलकावे बसतात. ०.८ चे ३.२ होतात आणि सांध्यावर झटका बसतो. रेंडर (अंतिम चित्रफीत) ० ते ९९ अशा शंभर फ्रेमचंच करा. शंभरावी फ्रेम शून्याव्या फ्रेमसारखीच असते. तीही घेतली, तर लूप दरवेळी क्षणभर अडखळतो.